शून्य नंबरचा मानकरी

सोलजवळच्या सुवॉनमधल्या प्रयोगशाळेत बदलून आलो त्याच जानेवारीत एका दुपारी मी तिचा अर्धा भाग बंद पाडला. दोष माझ्या पायांचा. यंत्रं तापू नयेत म्हणून कंपनीने ती खोली गार ठेवली होती आणि माणसांनी त्या गारठ्यात निमूट बसावं अशी तिची अपेक्षा होती. मी घरून पाय शेकायची विजेची शेगडी आणली, टेबलाखाली सरकवली आणि हाताला जो पहिला सॉकेट लागला त्यात पिन खुपसली. तो सॉकेट यंत्रांच्या कपाटाचा होता. खटकन आवाज झाला, आणि आठवडाभर एका नकली टॉवरशी इमानेइतबारे बोलत बसलेले आमचे सगळे फोन एकदम गप्प झाले. घरात पाहुण्यांसमोर कोणी नको ते बोलून गेलं की होते ना, तशी शांतता.

तेवढ्यात दार उघडून माएंग सांग-ग्यू आत आला. जेवणानंतरची वेळ असल्यामुळे त्याच्या तोंडात टूथब्रश होता. तो आमचा चाजांग (आदराने हाक मारताना चाजांग-निम), म्हणजे बुजांगच्या, खात्याच्या प्रमुखाच्या, एक पायरी खाली आणि माझ्यासारख्यांच्या दोन पायऱ्या वर. त्याने विझलेल्या दिव्यांकडे पाहिलं, माझ्या शेगडीकडे पाहिलं, ब्रश गालात सरकवला आणि विचारलं,

"कोणी पाहिलं?"

"चाजांग-निम, चूक माझी आहे, मी लगेच..."

"ते नंतर. कोणी पाहिलं?"

"मी."

"तू कोणी नाहीस. आणखी?"

"सफाईच्या बाई होत्या दारात."

"त्या ठेकेदाराच्या. म्हणजे कोणीच पाहिलं नाही." एवढं बोलून तो चूळ भरायला गेला.

परत आला तो बाह्या सरसावून. मला वाटलं, आता कपाट उघडणार. छे! त्याने फोन उचलला आणि ही बातमी कोणी आधी ऐकायची आणि कोणी नंतर, याची मांडणी सुरू केली. आधी आमचे बुजांग. ते मीटिंगमध्ये होते, म्हणून थांबलो. मग शेजारच्या खात्याचे बुजांग, कारण सॉकेट आमचा असला तरी भिंत त्यांची होती. मग वरचे संचालक तकसाहेब, पण थेट नाही, त्यांच्या सेक्रेटरीमार्फत. या उतरंडीत इलेक्ट्रिशियन सगळ्यात खाली बसत असल्यामुळे त्याला कळायला संध्याकाळ झाली. त्याने येऊन एक बटण वर केलं. दिवे लागले.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"बटण एवढंच होतं," माएंग म्हणाला. "ते आधी दाबलं असतं तर वरच्यांना कळवायला काही उरलं असतं का?"

दोष भिंतीतल्या जुन्या वायरिंगवर गेला. माझी नोकरी वाचली. शेगडी माएंगने जप्त केली. त्या दिवसापासून मी या माणसाचा ऋणी आहे आणि तेव्हापासूनच मला त्याचा अतोनात तिटकाराही आहे. या दोन गोष्टी एकाच पोटात किती गुण्यागोविंदाने नांदतात, हे मला त्याच्यामुळे कळलं.

माएंग मूळचा आंदोंगकडचा. तिकडच्या जुन्या घराण्यांत पूर्वजांच्या पूजेचं ताट मांडणं ही एक विद्या आहे. मासा पूर्वेला, मांस पश्चिमेला, माशाचं तोंड पूर्वेकडे. लाल फळं एका बाजूला, पांढरी दुसऱ्या. लहानपणी माएंगने एकदा पेअर आणि बोरांची अदलाबदल केली, तेव्हा थोरल्या काकांनी सगळ्या भाऊबंदांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली होती. हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. आमच्याकडे कोणी सैन्यातली मेडलं दाखवतं, हा थप्पड दाखवतो.

पण त्याचं खरं दुखणं ताटाचं नव्हतं, जागेचं होतं. तो धाकट्या शाखेतल्या धाकट्या बापाचा तिसरा मुलगा. नववर्षाच्या पूजेला थोरली शाखा दिवाणखान्यात, खालून शेकलेल्या उबदार जमिनीवर बसायची. आत जागा पुरायची नाही. मग उरलेल्यांनी ओसरीवरच्या गार फळ्यांवर उभं राहून आतल्यांच्या पाठींना नमस्कार करायचा. माएंगने आपले पूर्वज कधी समोरून पाहिलेच नाहीत. बघितल्या त्या थोरल्या काकांच्या टाचा.

एकदा दारूच्या टेबलावर तो मला म्हणाला होता (ऑफिसात तो चाजांग-निम, पण दुसरी बाटली फुटली की दादा), "धाकट्या, तुला पाय शेकायला शेगडी लागते. मला नुसतं आत घेतलं असतं तरी पुरलं असतं."

"आता नाही का घेत, दादा?"

"बुजांग झालो की घेणार आहेत. थोरल्या काकांनी आईला शब्द दिलाय."

आणि इथेच सगळी गोम होती. माएंग दोनदा बुजांग होता होता राहिला होता. आमच्या कंपनीत डिसेंबरमध्ये बढत्यांची यादी लागते. त्यात तिसऱ्यांदा नाव आलं नाही की माणसाला कोणी काढून टाकत नाही, फक्त त्याचं टेबल हलतं. ते प्रिंटरशेजारी, भिंतीकडे तोंड करून लागतं. मग लोक कागद न्यायला येतात आणि त्याच्या डोक्यावरून हात लांबवून नेतात. वसंतापर्यंत तो स्वतःच राजीनामा देतो. माएंगच्या खात्यावर दोन डिसेंबर जमा होते आणि तिसरा येऊ घातला होता. बढती द्यायची की नाही हे संचालक तकसाहेबांच्या हातात होतं. तिकडे आंदोंगमध्ये त्याच्या आईने ही बढती औषधवाल्याला, न्हाव्याला आणि तीन वेगवेगळ्या नणंदांना आधीच सांगून ठेवली होती.

असा हा माणूस. अभियांत्रिकी शिकलेला, पण खात्यात त्याची कीर्ती वेगळीच. कंपनीच्या जेवणाला हॉटेलात शिरला की एका नजरेत कोणी कुठे बसायचं ते त्याला दिसायचं: दारापासून दूरची जागा संचालकांची, दाराजवळची आमची, डुकराचं मांस भाजायचा चिमटा सर्वांत धाकट्याच्या हाती. गाडीत मागची उजवी सीट कोणाची, लिफ्टमध्ये बटणांजवळ कोण, फोटोत मधोमध कोण, यावर बाकीची खाती त्याला फोन करून विचारायची. त्यामुळे अहवालांना नंबर द्यायचं काम निघालं तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने माएंगचं नाव घेतलं, यात नवल नाही. त्या कामात अक्कल लागते याची कोणाला कल्पना नव्हती. मांडणी आहे ना, मग माएंग!

ते काम काय, हे जरा सांगावं लागेल. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेत सारखी उलथापालथ चालू असते. मध्ये झाड येतं, बस येते, एखादा जाडजूड माणूस येतो. म्हणून फोन टॉवरला सतत कळवत असतो: आत्ता मला तुझं एवढं ऐकू येतंय, या कोनातून बरं येतंय, जरा हळू बोल, आता जोरात बोल. यालाच आम्ही चॅनेलचा अहवाल म्हणतो. टॉवर त्यावर भिस्त ठेवून पुढचं बोलतो. अहवाल गेला नाही की टॉवर आंधळा. तो समोरच्याला बहिरा समजून ओरडतो, नाहीतर गजबजलेल्या रस्त्यात कुजबुजतो.

आता अडचण अशी की फोनला उलट बोलायला मिळणारी जागा असते चिंचोळी, आणि सांगायचे अहवाल असतात अनेक. सिग्नल पडला की ती जागा आणखी आक्रसते. मग काही अहवाल टाकून द्यावे लागतात, आणि टाकायचे तर अख्खे टाकायचे, अर्धा अहवाल कोणाच्या कामाचा? कोणता ठेवायचा, कोणता टाकायचा, हे ठरवायला फोनजवळ अक्कल नाही, म्हणून त्याला नंबर दिलेले असतात. शून्य नंबरचा आधी आत जातो, मग एक, मग दोन. जागा संपली की उरलेले ओसरीवर.

कोणीही शहाणा माणूस काय करेल? सगळ्यात लहान आणि सगळ्यात गरजेचा अहवाल आधी बसवेल. असा एक अहवाल आमच्याकडे होता. आम्ही त्याला पायाचा अहवाल म्हणत असू. एवढासा, चार दाणे साखरेएवढा. एकंदरीत ऐकू येतंय का, आणि किती, एवढंच सांगणारा. त्याच्याशिवाय बाकीच्यांचा अर्थच लागत नसे. आणि दुसऱ्या टोकाला होता एक लठ्ठ अहवाल. कोणत्या कोनातून किती बारीक फरकाने ऐकू येतं, याचं नुसतं नक्षीकाम. सुंदर, पण अगडबंब. तो तकसाहेबांनी तरुणपणी शोधून काढला होता. त्यांच्या खोलीत त्याची आकृती काचेच्या चौकटीत टांगलेली होती, जिथे दुसऱ्यांकडे नातवंडांचे फोटो असतात.

माएंगने नंबरांचा तक्ता भिंतीवर लावला. तकसाहेबांचा लठ्ठ अहवाल, शून्य. त्याखाली उपसंचालकांचा, मग तीन बुजांगांचे त्यांच्या नोकरीच्या ज्येष्ठतेप्रमाणे. दोघे एकाच वर्षी लागलेले होते, त्यांच्यासाठी त्याने जन्मतारखा मागवल्या होत्या. आणि सगळ्यात शेवटी, पायाचा.

मी तक्त्यासमोर उभा राहिलो. "चाजांग-निम, हा लहानगा आधी जायला हवा."

"कोणाचा आहे तो?"

"म्हणजे?"

"मालक कोण त्याचा? कोणत्या साहेबांचा?"

"बोंग बुजांगांच्या टीमने केला होता. ती टीम मागच्या वर्षी मोडली. बोंगसाहेब गेले, आता स्टेशनाजवळ कोंबडी तळतात."

"मग आता कोणाचा?"

"आता... कोणाचाच नाही. सगळ्यांनाच लागतो."

"कोणाचाच नाही म्हणजे शेवटचा," माएंग म्हणाला. "जा, बोंगसाहेबांना विचार, शून्य हवाय का. त्यांना आता फक्त ऑर्डरीचे नंबर लागतात."

"पण जागा कमी पडली तर चित्र थांबेल हो!"

"चित्र थांबलं तर कोण चिडेल?"

"गिऱ्हाईक."

"आणि तकसाहेबांना शेवटचा नंबर दिला तर कोण चिडेल?"

 माएंगने तक्त्याच्या कोपऱ्याला चौथी टाचणी लावली. मला सांगा, अशा माणसाला काय करावं? तो मूर्ख असता तर मी समजावलं असतं. पण त्याला सगळं कळत होतं. मी प्रयोगशाळेत करून दाखवलं: सिग्नल खाली आणला, लठ्ठ अहवाल आपला थाटात आत गेला आणि सगळी जागा व्यापून बसला, पायाचा बाहेर राहिला, टॉवर आंधळा झाला आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. माएंगने वाकून पाहिलं, "हं" म्हणाला आणि विचारलं, "किती सिग्नल पडला की होतं हे?"

"वळणावर, झाडांमागे. बस चालू असेल तर हमखास."

"आणि बस उभी असेल तर?"

"उभी असेल तर जागा पुरते, नाही होत."

"मग झालं तर," तो म्हणाला. त्यात काय झालं, हे मला तेव्हा कळलं नाही.

नोव्हेंबरमध्ये पाहुणे आले. आमची यंत्रं विकत घेऊ शकणाऱ्या एका फोन-कंपनीची माणसं होती, आणि त्यांच्या मुख्य म्हणजे प्योबाई. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पायात खेळाचे बूट घातलेल्या. अशा बायका कामाच्याच प्रश्नावर येतात. कार्यक्रम असा होता: तकसाहेब सभागृहात कॅमेऱ्यासमोर बोलणार, पाहुणे मिनीबसमधून तळ्याभोवती फिरणार आणि बसमधल्या मोठ्या पडद्यावर साहेबांचं भाषण न अडखळता दिसणार. सगळ्या बढतीचा निकाल त्या एका फेरीवर होता. माएंगने त्या दिवशी नवा टाय बांधला होता आणि त्याचा कान थप्पड खाल्ल्यासारखा लाल झाला होता.

पाहुण्यांना आपापल्या मानाच्या जागी बसवण्यात बराच वेळ गेला. मग बस निघाली आणि शंभर पावलांवर, सरळ रस्त्यावर, थांबली.

"काय झालं?" प्योबाईंनी विचारलं.

"इथून तळं फार छान दिसतं," माएंग म्हणाला.

पडद्यावर तकसाहेब ठणठणीत बोलत होते. अगदी केसांतला कोंडाही दिसत होता. पाहुण्यांनी माना डोलावल्या. बस पुन्हा निघाली, गोगलगायीसारखी, आणि वळण यायच्या आधी पुन्हा थांबली. समोर होट्टोकची, म्हणजे पाक भरलेल्या गोड पोळ्यांची, गाडी होती.

"थंडी आहे. गरम होट्टोक खाल्ल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा आमचा रिवाज आहे," माएंगने सांगून टाकलं. असा कुठलाही रिवाज नाही. पण गाडीवाल्या म्हातारीला त्याने आधीच सांगून ठेवलेलं असणार, कारण तव्यावर बरोबर माणशी एक होट्टोक तयार होता. पाहुण्यांना ज्येष्ठतेप्रमाणे कागदी कपांतून वाटण्यात आले. आतला गुळाचा पाक प्योबाईंच्या जिभेला चटका देऊन गेला. पडद्यावर तकसाहेब उत्तम चालू होते.

बसचालक माझ्या कानाशी लागला. "काय हो, पायी गेलो असतो तर आत्तापर्यंत दोन फेऱ्या झाल्या असत्या की!"

"गप्प बसा, काका."

"मी गप्पच आहे. बसच गप्प बसलीय."

अखेर प्योबाईंनी हातातला कप चुरगळला. "माएंगसाहेब, एक विचारू? तुमची ही बस चालते ना?"

"चालते तर!"

"मग चालू द्या."

आता इलाज नव्हता. बसने वळण घेतलं, पाइनची झाडं मध्ये आली, आणि तकसाहेब गोठले. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटत आलेला, नाकपुड्या फुललेल्या. आवाजही गेला. बस धावत होती आणि साहेब तसेच आमच्याकडे बघत होते.

 मग प्योबाई म्हणाल्या, "साहेब काही सांगतायत की शिंकतायत?"

"विचार करतायत," माएंग म्हणाला.

खाली उतरेपर्यंत साहेबांचा तो विचार काही संपला नाही. मी माएंगकडे पाहिलं. टायची गाठ सैल करून तो खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं, गेला बिचारा. आता प्रिंटरशेजारचं टेबल. खरं सांगायचं तर मनातल्या एका कोपऱ्यात मला बरंही वाटलं. इतके दिवस मी सांगत होतो ना!

सभागृहात जेवणाची पानं मांडली होती. तकसाहेब प्रसन्न चेहऱ्याने आले. पडद्यावर आपलं काय झालं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांना सांगणं कोणाच्याच पायरीत बसत नव्हतं. ते थेट माएंगकडे वळले. पाहुण्यांसमोर, मोठ्याने.

"काय माएंग, माझा अहवाल? पोचला?"

 माएंग कमरेत वाकला.

"प्रत्येक वेळी, साहेब. संपूर्ण फेरीत एकदाही पडला नाही."

आणि मंडळी, हे शंभर टक्के खरं होतं! बाकी सगळं पडलं होतं. पायाचा अहवाल पडला, चित्र पडलं, आवाज पडला, कंपनीची अब्रू वळणावर पाइनच्या झाडाखाली पडली. पण तकसाहेबांचा लठ्ठ अहवाल दर वेळी, अगदी वेळेवर, सगळी जागा अडवून टॉवरपाशी पोचला होता.

तकसाहेबांचा चेहरा उजळला. "ऐकलंत?" ते पाहुण्यांना म्हणाले. "वीस वर्षांपूर्वी मी हेच म्हणत होतो. एकदाही नाही!"

प्योबाईंनी मुळ्याच्या किमची-लोणच्याचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "हो," त्या म्हणाल्या. "अहवाल दर वेळी आला. साहेब तेवढे नाही आले." मग पुढे, वसंतात पुन्हा बघू, असं काहीसं म्हणाल्या. तकसाहेबांना त्यातलं फक्त 'पुन्हा बघू' ऐकू आलं आणि त्यांनी ते कौतुक समजून त्यांच्या पेल्यात स्वतःच्या हाताने दारू ओतली.

डिसेंबरची यादी लागली. माएंग सांग-ग्यू, बुजांग.

रीतीप्रमाणे ऑर्किडच्या कुंड्या आल्या, लाल रिबिनी लावलेल्या. माएंगने त्या पाठवणाऱ्याच्या हुद्द्याप्रमाणे खिडकीत ओळीने मांडल्या. स्टेशनाजवळच्या बोंगसाहेबांनी बिचाऱ्यांनी तळलेल्या कोंबडीची दोन खोकी पाठवली होती, तीही ओळीत शेवटी ठेवली गेली. फुलांच्या रांगेत कोंबडी. दुपारपर्यंत सगळ्या खात्याला वास येत होता, पण रांग मोडून ती खायची हिंमत कोणाची नव्हती. संध्याकाळी माएंगने परवानगी दिली, आणि ती गार कोंबडी आम्ही हुद्द्याप्रमाणे खाल्ली. माझ्या वाट्याला मान आली. कोंबडीची.

त्याच यादीत खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. तकसाहेब संचालकपदावरून सल्लागार झाले होते. म्हणजे सोलमध्ये एक खोली, एक कुंडी आणि काम शून्य. सल्लागाराला कोणी सल्ला विचारत नाही, हे त्या पदाचं वैशिष्ट्य आहे. जाताना ते काचेची चौकट काखेत मारून लिफ्टपर्यंत गेले. लिफ्टचं बटण दाबायला माएंग नव्हता. तो नव्या संचालकांची गाडी कुठे उभी राहील ते बघायला खाली गेला होता. मीच बटण दाबलं.

नववर्षाच्या सुट्टीत माएंग आंदोंगला जाऊन आला. थोरल्या काकांनी शब्द पाळला होता, त्याला आत, उबदार जमिनीवर घेतलं होतं.

"मग? कसं वाटलं, दादा?" मी विचारलं. बाटली पहिलीच होती, पण मला घाई झाली होती.

"गर्दी होती. गुडघ्याला गुडघे लागत होते."

"तरी! पूर्वज समोरून पाहिले की नाही?"

"पाहिले. फोटोत काकांसारखेच दिसतात." त्याने पेला खाली ठेवला. "मध्ये एक चुलतभाऊ फार रेटत होता. धाकट्या शाखेतला. त्याला म्हटलं, बाबा रे, तू ओसरीवर जा, इथे जागा नाही."

 माएंगच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं. ओसरीवरच्या फळ्या किती गार असतात हे ज्याला पायाच्या तळव्यांनी ठाऊक, त्या माणसाने हे सांगितलं, आणि वर मला विचारलं, "मांस संपलं का? अजून मागव."

सुट्टीनंतर कामावर गेलो तर भिंतीवर नवा तक्ता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. शून्य नंबर: पायाचा अहवाल. आणि तकसाहेबांचा लठ्ठ अहवाल थेट तळाला, सगळ्यांच्या खाली, खालच्या टाचण्या लागल्या होत्या त्यांच्याही खाली.

वसंतात प्योबाई पुन्हा आल्या, तेच खेळाचे बूट घालून. बस तळ्याभोवती सुसाट गेली, होट्टोकच्या गाडीपाशी थांबलीसुद्धा नाही. म्हातारी चिमटा उंचावून बघत राहिली. वळण आलं, झाडं आली, सिग्नल पडला. चिमुकला अहवाल मुंगीसारखा आधी आत शिरला, लठ्ठ बाहेर राहिला, आणि पडद्यावर नवे संचालक अखंड बोलत राहिले. इतके अखंड की शेवटी प्योबाईंनीच विचारलं, आता जरा थांबवता येईल का? त्यांनी यंत्रं घ्यायचं कबूल केलं.

माझं मन भरून आलं. मला वाटलं, इतक्या दिवसांत मी या माणसाला ओळखलंच नाही. बढती डोक्यावर लटकत होती म्हणून तेव्हा तो गप्प राहिला. हाती अधिकार येताच त्याने योग्य तेच केलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघत नव्हतं. मी यंत्रातून कॉफीचे दोन कागदी पेले भरून घेतले आणि त्याच्या नव्या टेबलापाशी गेलो. टेबल खिडकीजवळचं, दारापासून सर्वांत लांबचं. त्याखाली माझी शेगडी लाल होऊन धगधगत होती. जेवण नुकतंच झालं होतं, त्यामुळे बुजांगसाहेबांच्या तोंडात टूथब्रश होता.

"बुजांग-निम," मी पेला पुढे करत म्हणालो, "मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला, माफ करा. चित्र थांबू नये म्हणून लहानगा आधी जायला हवा, हे तुम्हाला शेवटी पटलं तर!"

माएंगने ब्रश तोंडातून काढला.

"चित्राचं काय घेऊन बसलायस, बोंगची मोडलेली टीम पुन्हा जुळवून माझ्याकडे दिली ना, तो अहवाल आता माझा आहे."